फॉरमॅट मारण्याआधी

लग्नाचा सिझन तोंडावर आला की फोटो स्टुडिओत आणि अल्बम डिझायनरांकडे एक ठरलेली तक्रार ऐकू येते. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारं स्किन स्मूथ करायचं प्लग-इन आज फिल्टर मेन्यूत दिसतच नाही. किंवा दिसतं, पण नाव पुसट झालेलं असतं आणि क्लिक होत नाही. किंवा क्लिक होतं आणि अख्खं फोटोशॉप हँग होतं. मग ओळखीतला कुणी जाणकार येतो, ‘विंडोजच गेलीय, फॉरमॅट मारू’ म्हणतो आणि दुपारपर्यंत मशीन कोरं होतं. प्लग-इन पुन्हा चालू होतं, हे खरं. पण पाच-सहा वर्षं हाताने बसवत आणलेले प्रीसेट, अ‍ॅक्शन, कर्व्ह सगळं त्यात गेलेलं असतं आणि पुढच्या हळदीचे फोटो उघडेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्लग-इन कंपनीकडून पुन्हा डाउनलोड करता येतं. तुम्ही बसवलेली सेटिंग मात्र तुमच्या मशीनखेरीज जगात दुसरीकडे कुठेही नसते. म्हणून काहीही काढून टाकायच्या आधी सेटिंग्ज बाहेर काढून ठेवायच्या आणि मगच दोष शोधायला बसायचं, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोष शोधताना फॉरमॅटपर्यंत जायची वेळ फार क्वचित येते. बहुतेक वेळा कारण चार-पाच ठरावीक जागांपैकी एका जागी सापडतं. आपल्याकडच्या स्टुडिओत फोटोशॉपच जास्त चालतं, त्यामुळे मुख्यतः त्याबद्दल लिहितो. गिम्प वापरणाऱ्यांसाठीही पुढे मजकूर आहे.

पुसट की गायब?

पहिला प्रश्न हाच विचारा, कारण दोन्हींची कारणं पूर्ण वेगळी आहेत. फिल्टरचं नाव मेन्यूत आहे पण पुसट आहे, म्हणजे प्लग-इन व्यवस्थित लोड झालंय. अडचण समोरच्या फोटोत किंवा निवडलेल्या लेयरमध्ये आहे. अशा वेळी प्लग-इन काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

फोटोच्या टॅबवर फाइलच्या नावापुढे झूमची टक्केवारी असते आणि कंसात रंगाचा मोड व बिट लिहिलेले असतात. तिथे ‘आरजीबी/८’ असेल तर जवळपास सगळे फिल्टर चालतात. ‘सीएमवायके/८’ असेल तर बरेचसे बंद होतात. पत्रिकेसाठी किंवा छपाईसाठी आधीच सीएमवायके केलेली फाइल कुणी पाठवली की हेच होतं. फिल्टर गॅलरी सीएमवायकेमध्ये चालत नाही आणि १६ बिटमध्येही चालत नाही. रॉ फाइल कॅमेरा रॉमधून १६ बिटमध्ये उघडली असेल तर ‘गॅलरी उडाली’ असं वाटतं, पण ती जागेवरच असते. इंडेक्स्ड कलर आणि बिटमॅप मोडमध्ये तर एकही फिल्टर चालत नाही. इमेज मेन्यूत मोडवर जाऊन आरजीबी आणि ८ बिट करा, नाव लगेच ठळक होईल.

इथे एक काळजी घ्यायला हवी. फिल्टर चालावा म्हणून सीएमवायकेची फाइल आरजीबी करायची, फिल्टर मारायचा आणि पुन्हा सीएमवायके करायची, हा खेळ रंगांना महागात पडतो. छपाईसाठी रंग एकदा आवळले की आरजीबीत परत नेल्याने ते पसरत नाहीत. मूळ आरजीबी फाइल मागा, त्यावर फिल्टरचं काम संपवा आणि छपाईची प्रत शेवटी बनवा.

मोड बरोबर असेल तर लेयर पाहा. ज्या लेयरवर काम करायचंय त्याचा डोळा बंद आहे का? चुकून ग्रुप निवडलाय का, किंवा अ‍ॅडजस्टमेंट लेयर? लेयरला पूर्ण कुलूप आहे का? याच घरातली आणखी एक अडचण आहे: फिल्टर चालतो, पण फोटोत काहीच बदल दिसत नाही. अशा वेळी बहुधा आधीच्या कामातलं एखादं सिलेक्शन तसंच राहिलेलं असतं आणि कंट्रोल-एच दाबल्यामुळे त्याच्या हलत्या रेघा लपलेल्या असतात. फिल्टर त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर काम करतो आणि आपण चेहऱ्याकडे पाहत बसतो. कंट्रोल-डी दाबून सिलेक्शन काढायचं आणि मग पुन्हा पाहायचं.

मजकुराच्या लेयरचा वेगळा उल्लेख करतो, कारण मराठी पत्रिका आणि बॅनर करणाऱ्यांचं नुकसान इथे नेहमी होतं. टाइपच्या लेयरवर फिल्टर निवडला की फोटोशॉप विचारतं: रॅस्टराइज करू की स्मार्ट ऑब्जेक्ट करू? घाईत रॅस्टराइज दाबलं जातं आणि अक्षरांचं चित्र होतं. मग रात्री अकरा वाजता वरपक्षाचा फोन येतो की ‘चि. सौ. कां.’च्या पुढचं नाव बदलायचंय, काकांचं नाव राहिलंय, आणि सगळी ओळ नव्याने बांधावी लागते. स्मार्ट ऑब्जेक्ट निवडलं असतं तर लेयरवर दोनदा क्लिक करून आतला मजकूर बदलता आला असता आणि फिल्टर वर तसाच राहिला असता.

नावच दिसत नसेल तर

आता गायब झालेल्या प्लग-इनकडे वळू. हेल्प मेन्यूत सिस्टिम इन्फो नावाची एक खिडकी आहे. ती फार कमी लोक उघडतात, आणि मला वाटतं फोटोशॉपमधली तीच सगळ्यांत दुर्लक्षित उपयोगी गोष्ट आहे. लांबलचक यादी असते. ती खालपर्यंत सरकवत न्या. बाहेरून टाकलेल्या प्लग-इनची नावं तिथे वेगळी दिलेली असतात, दुहेरी किंवा बंद ठेवलेली कोणती ते असतं, आणि लोड होऊ न शकलेली कोणती तेही असतं. तुमचं प्लग-इन या शेवटच्या गटात असेल तर फाइल फोटोशॉपला सापडलीय, पण उघडता आलेली नाही. यादीत कुठेच नसेल तर ते चुकीच्या फोल्डरमध्ये पडलंय किंवा मशीनवर नाहीच.

सापडलं पण उघडत नाही, याचं जुन्या प्लग-इनबाबतचं नेहमीचं कारण ३२ आणि ६४ बिटांचं. विंडोजवर ६४ बिटांचं फोटोशॉप २००८ साली सीएस४ पासून आलं. पुढे बरीच वर्षं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालत होते, म्हणून जुनं प्लग-इन असणारे लोक ३२ बिटांचं फोटोशॉप उघडून काम भागवत. सीसी २०१९ पासून विंडोजवरची ३२ बिटांची आवृत्ती बंद झाली. ३२ बिटांसाठी बनवलेली फाइल ६४ बिटांच्या फोटोशॉपमध्ये कधीच उघडत नाही, कितीदाही टाकली तरी. कंपनीने ६४ बिटांची फाइल दिली असेल तर ती घ्यायची. दिली नसेल तर ते प्लग-इन सोडून द्यावं लागतं.

अ‍ॅपलच्या मशीनवर हीच अडचण वेगळ्या रूपात येते. एम-वन आणि त्यापुढच्या चिपवर फोटोशॉप मार्च २०२१ पासून थेट चालतं, पण इंटेलच्या मॅकसाठी बनवलेली प्लग-इन त्यात दिसत नाहीत. फाइंडरमध्ये फोटोशॉपच्या आयकॉनवर गेट इन्फो उघडून ‘ओपन युजिंग रोझेटा’वर खूण केली की ती परत दिसतात. वेग कमी होतो. एखाद्या कामापुरतं असं चालवा, कायमचं नको.

यादीत नावच नसेल तर फोल्डर तपासा. फोटोशॉपची दर वर्षीची नवी आवृत्ती स्वतःचा नवा फोल्डर बनवते, आणि जुन्या आवृत्तीच्या प्लग-इन्स फोल्डरमधलं सामान आपोआप तिकडे जात नाही. ‘अपडेट केल्यावर प्लग-इन उडालं’ या तक्रारीत बहुधा एवढंच घडलेलं असतं. विंडोजवर प्रोग्राम फाइल्समध्ये अडोबी, त्यात फोटोशॉप आणि त्यात प्लग-इन्स, असा रस्ता आहे. प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सखाली अडोबी, प्लग-इन्स आणि सीसी असाही एक फोल्डर असतो. तिथे ठेवलेलं प्लग-इन सगळ्या अलीकडच्या आवृत्त्यांना दिसतं. फिल्टरच्या फाइलचं शेपूट ‘८बीएफ’ असतं. ती एकटी फाइल कॉपी करून काही साधी प्लग-इन चालतात, पण मोठ्या प्लग-इनना सोबतच्या इतर फाइली आणि लायसन्सची नोंद लागते. त्यांचा इन्स्टॉलर पुन्हा चालवणंच बरं.

झिप फाइल पूर्ण न उलगडता आतूनच फाइल ओढून घेतली तरी घोळ होतो. इंटरनेटवरून आणलेल्या फाइलीवर विंडोज खूण ठेवतं. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’चा चौकोन दिसत असेल तर त्यावर खूण करा. मॅकवर असाच अडथळा प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘ओपन एनीवे’ दाबून दूर होतो.

आणि काही वेळा प्लग-इन फिल्टर मेन्यूत येणारच नसतं. २०२० च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून नव्या पद्धतीची प्लग-इन ‘प्लग-इन्स’ नावाच्या वेगळ्या मेन्यूत दिसतात, आणि जुन्या पद्धतीची पॅनेलं विंडो मेन्यूत एक्स्टेन्शन्सच्या खाली असतात. शोधताना या दोन्ही ठिकाणी एकदा पाहून घ्या.

क्रॅक करून वाटलेल्या प्लग-इनबद्दल स्पष्ट लिहितो. अँटिव्हायरस एखाद्या रात्री ती फाइल उचलून कोंडून ठेवतो आणि सकाळी प्लग-इन गायब होतं. मग अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्ला मिळतो. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या लग्नाचे मूळ फोटो आहेत, जे पुन्हा काढता येणार नाहीत, त्या मशीनवर असं करू नका. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस अशाच वाटेने शिरतात. लायसन्स परवडत नसेल तर फुकट आणि सचोटीची साधनं आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

हँग होणारं फोटोशॉप

फोटोशॉप उघडतानाच कोसळत असेल तर आयकॉनवर दोनदा क्लिक करून लगेच शिफ्ट दाबून धरा. बाहेरची प्लग-इन वगळून उघडू का, असं फोटोशॉप विचारतं. हो म्हणा. आता ते सुरळीत उघडलं तर दोष कुठल्यातरी प्लग-इनमध्येच आहे. तरीही कोसळत असेल तर प्लग-इनचा नाद सोडून दुसरीकडे पाहा: ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, भरलेली डिस्क, प्रेफरन्सेस.

दोषी प्लग-इन शोधायला सगळी काढायची गरज नाही. फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला टिल्डची नागमोडी खूण घातली की फोटोशॉप ते नाव वगळून पुढे जातं. कीबोर्डवर ‘१’च्या डावीकडे ही खूण असते, शिफ्टसह दाबायची. निम्म्या प्लग-इनच्या नावापुढे ती घाला आणि फोटोशॉप उघडा. अडचण गेली तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाही गेली तर उरलेल्यांत. मग त्यातले पुन्हा निम्मे. सोळा प्लग-इन असली तरी चौथ्या फेरीत नेमकं एक हातात येतं. एकेक करून पाहिलं तर अर्धा दिवस जातो, शिवाय मध्येच गोंधळ होतो तो वेगळा.

प्लग-इन फक्त चालवतानाच हँग होत असेल, विशेषतः पूर्वदृश्य दाखवताना, तर एडिट मेन्यूत प्रेफरन्सेस आणि परफॉर्मन्समध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढून पाहा. फोटोशॉप बंद करून उघडा. अडचण गेली तर ड्रायव्हर अद्ययावत करायचा आणि खूण परत लावायची. खूण काढलेलीच ठेवली तर फोटोशॉपची काही साधनं बंद राहतात.

फोटोशॉप उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून प्रेफरन्सेस पुसण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि म्हणून तो सगळ्यांत आधी केला जातो. त्याची जागा शेवटी आहे, सेटिंग्ज बाहेर काढल्यानंतर.

सेटिंग्ज राहतात कुठे

इथे सगळ्यांचीच गफलत होते, कारण सेटिंग्जचं एक घर नाही. चार-पाच घरं आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा.

अ‍ॅक्शन पॅनेलमध्ये दिसतात, पण तुम्ही आज बनवलेली अ‍ॅक्शन फोटोशॉप नीट बंद होतानाच डिस्कवर लिहिली जाते. मध्येच कोसळलं तर ती गेली. म्हणून नवी अ‍ॅक्शन जमली की पॅनेलच्या मेन्यूतून ‘सेव्ह अ‍ॅक्शन्स’ करून एटीएन फाइल बनवा. तो पर्याय पुसट दिसला तर तुम्ही एकटी अ‍ॅक्शन निवडलीय. तिचा सेट, म्हणजे फोल्डरची खूण असलेली ओळ, निवडावी लागते. आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे: विंडोजवर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून ‘सेव्ह अ‍ॅक्शन्स’ केलं तर साधी मजकुराची फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक पायरी आणि तिचे आकडे लिहिलेले असतात. ती फाइल परत लोड होत नाही, पण उद्या प्लग-इन नसलेल्या मशीनवर अ‍ॅक्शन मध्येच अडली तर त्या पायरीवर काय होतं हे वाचता येतं. मी प्रत्येक महत्त्वाच्या अ‍ॅक्शनसोबत अशी एक फाइल ठेवतो.

कॅमेरा रॉचे प्रीसेट एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. विंडोजच्या शोधपट्टीत अ‍ॅपडेटा हा शब्द रोमनमध्ये, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन लिहा आणि एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये अडोबी, त्यात कॅमेरा रॉ आणि त्यात सेटिंग्ज. मॅकवर लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टखाली याच नावांनी आहे. हे प्रीसेट एक्सएमपी फाइली आहेत, आणि २०१८ पासून लाइटरूम क्लासिकही तेच वाचतं. एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सगळं वाचता येतं: एक्स्पोजर इतकं, शॅडो इतका, पिवळ्याचं सॅच्युरेशन इतकं. तुमच्या नजरेचं काम आकड्यांत उतरून तिथे पडलेलं असतं, आणि ते दोन-चार केबींच्या फाइलीत मावतं. ते न सांभाळायला काही सबब उरत नाही.

कर्व्ह, लेव्हल्स आणि ह्यू-सॅच्युरेशनचे प्रीसेट त्या त्या पॅनेलच्या मेन्यूतून वेगळे सेव्ह होतात. फोटोशॉपमध्ये एडिट मेन्यूत प्रीसेट्सखाली एक्स्पोर्ट आणि इम्पोर्टची सोयही आहे. ती ब्रश, ग्रेडियंट वगैरे हलवायला उत्तम, पण बाहेरच्या प्लग-इनच्या सेटिंग्ज तिच्यात येत नाहीत. त्या प्लग-इनच्या स्वतःच्या खिडकीतून, बहुधा ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘सेव्ह प्रीसेट’ने, एकेक काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, तरी ते कराच.

या सगळ्यांत सुरक्षित जागा मात्र पीएसडी फाइलच आहे. लेयर आधी ‘कन्व्हर्ट फॉर स्मार्ट फिल्टर्स’ केला की फिल्टर लेयरखाली ओळ म्हणून दिसतो आणि त्याचे आकडे फाइलीतच राहतात. ही सोय २००७ च्या सीएस३ पासून आहे. फिल्टरच्या नावावर दोनदा क्लिक केलं की दोन वर्षांपूर्वी किती रेडियस ठेवला होता ते समोर येतं. शेजारी पांढरा मास्क मिळतो. त्यावर काळ्या ब्रशने नथ, मुंडावळ्यांचे मोती, पापण्या आणि केसांची रेघ पुसून घेतली की त्वचा मऊ होते आणि धारदार राहायला हवं ते धारदार राहतं. स्मूथ केलेल्या नवरीची नथ साबणासारखी गुळगुळीत दिसली की सगळा फोटो खोटा वाटतो. फाइल मोठी होते, हे मान्य. पण निवडक फोटोंसाठी तेवढी जागा द्यायला हवी.

प्रीसेटमध्ये काय भरायचं

सेटिंग जपली, नव्या मशीनवर नेली, आणि तरी फोटो बिघडला, असं झालं तर दोष प्रीसेटच्या घडणीत असतो. बाजारात मिळणाऱ्या शेकडो प्रीसेटच्या गठ्ठ्यांचं हेच होतं. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला ब्लाउज अंगावर चढतो, पण बसत नाही.

हळदीचं उदाहरण घ्या. दुपारचं ऊन, वर पिवळं मांडवाचं कापड, अंगावर हळद, साडी पिवळी. फोटो उघडला की सगळी त्वचा पिवळी. तुम्ही व्हाइट बॅलन्स थंड करता, पिवळ्याचं सॅच्युरेशन उतरवता, नारिंगीची चमक थोडी वाढवता आणि ‘हळद’ नावाने प्रीसेट ठेवता. संध्याकाळच्या सीमांतपूजनाला तोच मारला की काय होतं? शालूची जर राखेच्या रंगाची होते, सोन्याचा पिवळेपणा जातो, चेहऱ्यावर निळसर झाक येते. कारण प्रीसेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या: त्या दुपारच्या उजेडाची दुरुस्ती आणि तुमच्या आवडीचा रंग. उजेडाची दुरुस्ती दर ठिकाणी नव्याने करायची असते.

म्हणून प्रीसेट बनवताना जी यादी समोर येते तिच्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजरच्या खुणा काढा. क्रॉपच्या आणि डाग काढण्याच्या सेटिंग्जना तर प्रीसेटमध्ये जागाच नको. कर्व्ह, रंगांचं मिश्रण, ग्रेन, शार्पनिंग एवढं राहू द्या. व्हाइट बॅलन्सबाबत आणखी एक कारण आहे. रॉ फाइलीत तो केल्व्हिनच्या नेमक्या आकड्यात असतो, जेपीईजीत मात्र शून्यापासून पुढे-मागे सरकणारा असतो. रॉवर बनवलेला प्रीसेट जेपीईजीवर वेगळाच का वागतो, हा प्रश्न इथे सुटतो. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर प्रीसेट पुसट दिसला तर त्याला बांधलेलं कॅमेऱ्याचं प्रोफाइल इथे नाही, असं समजा.

फिल्टरच्या आकड्यांबाबत एक हिशेब कायम लक्षात ठेवा. ब्लर, शार्पन आणि स्मूथ करणाऱ्या फिल्टरचा रेडियस पिक्सेलमध्ये असतो. ६००० पिक्सेल रुंद फोटोवर १० पिक्सेलचा ब्लर जो परिणाम देतो, तो १२०० पिक्सेल रुंदीच्या प्रतीवर मिळवायला २ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या लहान फोटोवर अल्बमची अ‍ॅक्शन चालवली की चेहरे मेणाचे होतात, ते यामुळे. आधी मोठ्या फोटोवर फिल्टर, मग आकार लहान. नाहीतर दोन आकारांसाठी दोन वेगळ्या अ‍ॅक्शन ठेवा.

नावं देताना ‘फायनल’, ‘फायनल न्यू’ असं ठेवू नका. प्रसंग, उजेड, कॅमेरा आणि रुंदी नावातच घाला: हळद, मांडव, दुपार, ६०००. फाइलीचं आणि फोल्डरचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा. काही जुन्या प्लग-इनना देवनागरी नावाचा फोल्डर उघडता येत नाही आणि चूकही नीट सांगता येत नाही. विंडोजमधल्या तुमच्या खात्याचं नावच देवनागरीत असेल तर अशा प्लग-इनच्या सेटिंग्ज सेव्ह न होण्याचं कारण तेच असू शकतं.

प्लग-इन बंद पडतं तेव्हा

निक कलेक्शनची हकीकत फोटोवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुगलने २०१२ साली निक सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि मार्च २०१६ मध्ये हा महागडा संच चक्क फुकट केला. जगभरातल्या लोकांनी तो उतरवून घेतला. कृष्णधवल फोटोंसाठी त्यातलं सिल्व्हर इफेक्स तर अनेकांचं हक्काचं साधन झालं. मे २०१७ मध्ये गुगलने सांगितलं की यापुढे सुधारणा होणार नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने तो घेतला आणि पुढच्या आवृत्त्या पैसे देऊन मिळू लागल्या. गुगलच्या काळातला जुना इन्स्टॉलर जपून ठेवलेल्यांना नवनव्या फोटोशॉपमध्ये तो कधी ना कधी दगा देणार, हे तेव्हाच ठरलं होतं.

प्लग-इनमध्ये सेव्ह केलेला प्रीसेट त्या प्लग-इनशिवाय कशातच उघडत नाही. म्हणून ज्या रंगावर तुमच्या स्टुडिओची ओळख उभी आहे, तो एकदा फोटोशॉपच्या स्वतःच्या कर्व्ह, कलर बॅलन्स, सिलेक्टिव्ह कलर या अ‍ॅडजस्टमेंट लेयरनी पुन्हा बांधून पाहा. हुबेहूब नाही, पण बरंच जवळ जाता येतं. मग फाइल मेन्यूत एक्स्पोर्टखाली ‘कलर लुकअप टेबल्स’ने त्याची क्यूब फाइल काढा. ती प्रीमियर आणि डाविंची रिझॉल्व्हमध्येही चालते, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ आणि अल्बम एका रंगात दिसतात. या फाइलीत फक्त रंग आणि उजेड मावतो. ब्लर, शार्पन किंवा ग्रेन मावत नाही.

गिम्प आणि जीमिक

गिम्प फुकट आहे, १९९५ साली बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, आणि आज त्यावर गंभीर काम होतं. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आणि बऱ्याच लोकांची जुनी प्लग-इन एका दिवसात बंद पडली. २.१० साठी पायथन २ मध्ये लिहिलेली प्लग-इन ३.० मध्ये चालत नाहीत. त्यांची नवी आवृत्ती शोधावी लागते. फोल्डरचीही शिस्त पाळावी लागते: प्लग-इनची फाइल ज्या नावाची, त्याच नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ती ठेवायची. मोकळी टाकली तर गिम्प तिच्याकडे पाहतही नाही. लिनक्सवर त्या फाइलीला चालवण्याची परवानगीही द्यावी लागते. नेमका फोल्डर कोणता, ते प्रेफरन्सेसमधल्या फोल्डर्सच्या यादीत लिहिलेलं असतं.

सेटिंग्जच्या बाबतीत गिम्प फोटोशॉपपेक्षा जास्त उदार आहे. बहुतेक फिल्टरच्या खिडकीत वर प्रीसेटची पट्टी असते आणि तुम्ही पूर्वी वापरलेले आकडे तारीख-वेळेसह तिच्यात आपोआप साठतात. हवी ती सेटिंग सापडली की शेजारची अधिकाची खूण दाबून तिला नाव द्या. ३.० पासून फिल्टर लेयरवर वेगळा राहतो आणि एक्ससीएफ फाइलीत सेव्ह होतो, स्मार्ट फिल्टरसारखाच.

फ्रान्समधल्या कां शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेतून २००८ मध्ये निघालेलं जीमिक तर पाचशेहून अधिक फिल्टर फुकट देतं. गिम्प आणि क्रिटा या दोन्हींत ते चालतं. त्यात आवडत्या फिल्टरला अधिकाची खूण दाबून ‘फेव्ह’मध्ये टाकलं की त्या वेळचे आकडेही त्याच्यासोबत साठतात, आणि त्याला नावही देता येतं. मूळ फिल्टर शोधण्याऐवजी तुमची नाव दिलेली सेटिंगच यादीत वर येते. क्रॅक केलेल्या प्लग-इनपेक्षा हे कितीतरी बरं.

प्रत काढणं आणि तपासणं

एक फोल्डर बनवा. त्यात एटीएन फाइली आणि त्यांचे मजकूर, कॅमेरा रॉचा सेटिंग्ज फोल्डर, कर्व्ह वगैरेंचे प्रीसेट, प्लग-इनमधून एक्स्पोर्ट केलेल्या फाइली आणि क्यूब फाइली ठेवा. गिम्पवाल्यांनी गिम्पचा सगळा वैयक्तिक फोल्डर घ्यावा. हे सगळं मिळून बहुधा एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतं. एक प्रत स्टुडिओबाहेर असू द्या, घरी किंवा ऑनलाइन.

याच फोल्डरमध्ये एक चाचणीचा फोटो ठेवा: एक रॉ फाइल, आणि तुमच्या मशीनवर तुमचा प्रीसेट मारून काढलेला तिचा जेपीईजी. नव्या मशीनवर किंवा अपडेटनंतर तीच रॉ फाइल उघडा, तोच प्रीसेट मारा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहा. कपाळ, नथीचं सोनं आणि पांढऱ्या कापडाची घडी, या तीन जागा जुळल्या तर काम सुरू करा. नाही जुळल्या तर गिऱ्हाइकाची फाइल उघडू नका. पुन्हा प्रीसेट, प्रोफाइल आणि प्लग-इनची आवृत्ती तपासा.

आणि प्रत्येक प्लग-इनचा इन्स्टॉलर, आवृत्तीचा क्रमांक, लायसन्सचा नंबर आणि कोणत्या ईमेलवर घेतलंय ते एका कागदावर लिहून त्याच फोल्डरमध्ये त्याचा फोटो टाका. काही कंपन्या लायसन्स दोनच मशीनवर चालू देतात, आणि फॉरमॅट मारण्याआधी प्लग-इनमधून ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ केलं नाही तर ते जुनं, आता अस्तित्वात नसलेलं मशीन तुमच्या नावावर मोजलं जातं. अशा वेळी कंपनीला लायसन्सचा नंबर आणि खरेदीच्या ईमेलसह पत्र पाठवा. बहुतेक कंपन्या ते मोकळं करून देतात, फक्त उत्तर यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस हाताशी राहतील असं पाहूनच मशीनला हात लावा, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नको.